विद्यार्थ्यांनी मांडलेला डाव : अमेरिकन कॉलेजांतला खेळ, १९०० ते १९३०

अमेरिकेतल्या दोन कॉलेजांमधला पहिला सामना चेंडूचा नव्हता, होड्यांचा होता. आणि तो कॉलेजांनी नव्हे, एका रेल्वे कंपनीने घडवून आणला होता. १८५२ च्या ऑगस्टमध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या विनिपसॉकी सरोवरावर हार्वर्ड आणि येलच्या मुलांनी शर्यत लावली. त्या भागात नवा लोहमार्ग टाकलेल्या कंपनीला सहलीला येणारी गिऱ्हाइके हवी होती, म्हणून दोन्ही संघांचा येण्याजाण्याचा आणि राहण्याजेवण्याचा खर्च तिने उचलला. हार्वर्ड जिंकले, मुलांची फुकट सुट्टी झाली, कंपनीची जाहिरात झाली. कॉलेजच्या अधिकाऱ्यांचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता.

कॉलेजातल्या खेळांवर अमेरिकेत सव्वाशे वर्षे जो वाद चालू आहे, त्यात ‘पूर्वी सगळे निर्मळ होते, नंतर पैसा शिरला’ हे पालुपद सतत ऐकू येते. रोनाल्ड स्मिथ यांच्या १९८८ च्या ग्रंथापासून इतिहासकारांनी ते जवळजवळ मोडीत काढले आहे. स्मिथ यांचे म्हणणे असे की, इंग्लंडहून आणलेला ‘हौशी खेळाडू’ हा आदर्श अमेरिकन कॉलेजांत कधी रुजलाच नव्हता. त्याचा जप मात्र अखंड चालला. मला हे म्हणणे पटते, पण त्यात एक भर घालावीशी वाटते. पैसा पहिल्या दिवसापासून होताच. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत बदलले ते मालक. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हौसेसाठी, वर्गण्या काढून, प्राध्यापकांची नजर चुकवून मांडलेला डाव आधी माजी विद्यार्थ्यांनी, मग पगारी प्रशिक्षकांनी आणि शेवटी खुद्द विद्यापीठांनी ताब्यात घेतला. प्रत्येक ‘सुधारणे’ने हा ताबा घट्टच केला.

तेव्हाचा कॉलेज विद्यार्थी कोण होता हे आधी पाहायला हवे. १९०० मध्ये साऱ्या देशात मिळून सुमारे २ लाख ३८ हजार मुले-मुली कॉलेजात होती, म्हणजे त्या वयाच्या शंभरांतली जेमतेम दोन-तीन. पूर्वेकडच्या जुन्या, श्रीमंत कॉलेजांत अभ्यास ही फार मनावर घेण्याची बाब नव्हती. मधली श्रेणी मिळवून सुटणे हेच सभ्य गृहस्थाचे लक्षण, असा हार्वर्डमध्ये रिवाज होता. फार गुण मिळवणारा पुस्तकी किडा मागे पडे. विद्यार्थ्यांचे खरे राज्य वर्गाबाहेर होते. प्रथम वर्षाच्या मुलांनी डोक्यावर ठरावीक टोपी घालायची, अमुक वाटेने चालायचे नाही, वरच्या वर्गाला सलाम करायचा. वर्षाच्या सुरुवातीला पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या झुंडी मैदानात भिडत. कुठे छडी हिसकावण्याची झोंबाझोंबी, कुठे खांबावरचा झेंडा काढण्याची. हात मोडत, कपडे फाटत. आपण ज्याला रॅगिंग म्हणतो ते तिथे परंपरा म्हणून मिरवले जाई, आणि गेल्या वर्षी मार खाल्लेली मुले यंदा मार द्यायला अधिक उत्साहाने येत.

यावर कळस म्हणजे गुप्त मंडळे. येलमध्ये मे महिन्यातल्या एका ठरलेल्या दिवशी तिसऱ्या वर्षाची मुले आवारात जमून उभी राहत आणि ‘स्कल अँड बोन्स’सारख्या मंडळाचा कोणी येऊन खांद्यावर थाप मारतो का याची वाट पाहत. त्या मंडळात जागा पंधराच. फुटबॉलचा कप्तान किंवा विद्यार्थी दैनिकाचा संपादक असेल तर थाप पडण्याची आशा, नुसता हुशार असेल तर कठीण. ओवेन जॉन्सन याची येलवरची कादंबरी याच तगमगीवर उभी आहे. प्रिन्स्टनमध्ये हेच काम जेवणाच्या क्लबांनी केले. तिथला अध्यक्ष वूड्रो विल्सन, पुढे देशाचाही झालेला, १९०७ मध्ये हे क्लब मोडायला निघाला आणि माजी विद्यार्थ्यांच्या रोषापुढे त्याला माघार घ्यावी लागली. दोन वर्षांनी त्याने लेख लिहून तक्रार केली की सर्कशीच्या बाजूच्या तंबूंनीच मुख्य तंबू गिळून टाकला आहे. हा तोच विल्सन, जो तरुणपणी वेस्लियन कॉलेजात शिकवत असताना फुटबॉल संघाला डावपेच सांगायला हौसेने मैदानावर जात असे.

हेलन होरोविट्झ यांनी १९८७ मध्ये कॉलेज जीवनाच्या इतिहासात या विद्यार्थ्यांचे तीन गट पाडले : मैदान आणि मंडळे गाजवणारे ‘कॉलेजवीर’, अभ्यास करून पुढे जाण्यासाठी आलेले ‘बाहेरचे’, आणि तिसरे बंडखोर. आपल्याकडच्या लिखाणात अमेरिकन कॉलेज म्हटले की पहिला गटच दिसतो. खरे तर मधल्या पश्चिमेतल्या आणि पॅसिफिक किनाऱ्याकडच्या सरकारी कॉलेजांत दुसरा गट मोठा होता. खानावळीत भांडी घासून, भट्टीत कोळसा टाकून, सुट्टीत शेतावर राबून शिकणारी मुले तिथे ठिकठिकाणी होती. क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे ओरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांत शेतीशास्त्र शिकले ते याच जगात. त्या जगाला थाप पडण्याची वाट पाहायला सवड नव्हती.

आता खेळाकडे. १८६९ मध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात, एका बाजूला २५ गडी घेऊन झालेल्या पहिल्या फुटबॉल सामन्यापासून सगळा कारभार मुलांचा होता. कप्तान मुलांनी निवडलेला, व्यवस्थापक मुलांचा, पैसे वर्गणीचे, नियमही मुलांच्या परिषदांत ठरायचे. हातात चेंडू घेऊन धावायचा, अंगावर कोसळायचा तो अमेरिकन फुटबॉल घडवला तो येलच्या वॉल्टर कॅम्पने. एका बाजूला अकरा गडी, चेंडू एका संघाच्या ताब्यात ठेवून खेळ सुरू करणे, ठरावीक प्रयत्नांत ठरावीक अंतर काटणे, ही रचना १८८० ते १८८२ या दोन वर्षांत त्याच्या आग्रहाने आली. कॅम्पने येलमध्ये प्रशिक्षक म्हणून कधी पगार घेतला नाही. पोटापाण्यासाठी तो घड्याळांच्या कंपनीत होता. दुपारी सराव पाहायला त्याची पत्नी ॲलिस जाई आणि रात्री कोण कुठे चुकले ते त्याला सांगे. अमेरिकन फुटबॉलची पहिली प्रशिक्षिका कोण, यावर कोणी वाद घातला तर माझे मत या बाईंना.

पण कॅम्प हा हौशी दिसणारा माणूसच व्यावसायिकतेचा खरा शिल्पकार ठरला. त्याने येलच्या खेळांच्या उत्पन्नातून सुमारे एक लाख डॉलरची गंगाजळी साठवली होती आणि ती तो स्वतः सांभाळत होता. १९०५-०६ मध्ये ही गोष्ट वर्तमानपत्रांत फुटली तेव्हा येलच्याच लोकांचे डोळे विस्फारले. पलीकडे शिकागोत वेगळा मार्ग निघाला. नव्या विद्यापीठाचा पहिला अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर याने १८९२ मध्ये येलचा खेळाडू अलोन्झो स्टॅग याला नुसता प्रशिक्षक म्हणून नेमले नाही. शारीरिक शिक्षण विभागाचा प्रमुख, सहयोगी प्राध्यापक आणि कायम नोकरी, असे सगळे दिले. विद्वान हार्परला हिशेब पक्का ठाऊक होता : जुने नाव नसलेल्या विद्यापीठाला वर्तमानपत्रात रोज छापून येण्याचा हाच स्वस्त मार्ग. हार्वर्डने १९०३ मध्ये काँक्रीटचे स्टेडियम बांधले. १९०५ मध्ये तिथे बिल रीड या २६ वर्षांच्या प्रशिक्षकाला ७,००० डॉलर मिळत होते. हा आकडा हार्वर्डच्या कोणत्याही प्राध्यापकाच्या पगारापेक्षा मोठा होता. फुटबॉलचा उघड द्वेष करणारा चार्ल्स एलियट त्या वेळी हार्वर्डचा अध्यक्ष होता, आणि त्याच्या नाकासमोर हे चालले होते.

१९०५ हे या इतिहासातले सर्वांत गाजलेले वर्ष. प्रचलित कथा अशी : मैदानावर मुले मरू लागली, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने बड्या कॉलेजांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून दम भरला, नियम बदलले, खेळ वाचला. यातली प्रत्येक गोष्ट अर्धी खरी आहे. त्या मोसमात ‘शिकागो ट्रिब्यून’ने १८ मृत्यू आणि १५९ गंभीर दुखापती मोजल्या. पण त्या अठरांत कॉलेजचे खेळाडू तीनच होते. बाकीचे बहुतेक शाळकरी पोरे आणि गल्लीबोळातल्या संघांतले तरुण, ज्यांना ना प्रशिक्षक ना डॉक्टर. मृत्यूंचा हा आकडा कॉलेज फुटबॉलच्या माथी मारला गेला आणि तिथेच चिकटला. रूझवेल्टची बैठक ९ ऑक्टोबरला झाली, म्हणजे मोसमाच्या तोंडाशी, बहुतेक मृत्यूंच्या आधी. हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींनी ‘नियम पाळू’ एवढे निवेदन काढले, आणि खेळ होता तसाच चालू राहिला. जॉन वॉटरसन यांनी २००० मध्ये हा सगळा तपशील तपासून रूझवेल्टच्या ‘बचावकार्या’तली हवा काढली आहे. रूझवेल्टला खेळ बंद नको होता, मवाळही नको होता. त्याचा मुलगा त्याच मोसमात हार्वर्डच्या प्रथम वर्षाच्या संघातून खेळताना नाक मोडून घेऊन आला.

बैठकीपेक्षा जास्त परिणाम झाला तो त्या उन्हाळ्यात ‘मॅक्ल्यूर्स’ मासिकात आलेल्या हेन्री बीच नीडहॅमच्या लेखांचा. येलचा कप्तान जेम्स होगन, वय २७, याला फी माफ, जेवण फुकट, राहायला उत्तम खोल्या, क्यूबाची सहल आणि न्यू हेवनमध्ये विकल्या जाणाऱ्या एका कंपनीच्या सिगारेटींवर दलाली, असा सगळा थाट नीडहॅमने चव्हाट्यावर आणला. मग २५ नोव्हेंबरला न्यूयॉर्क विद्यापीठाविरुद्ध खेळताना युनियन कॉलेजचा हॅरल्ड मूर डोक्याला मार बसून मेला. न्यूयॉर्क विद्यापीठाचा कुलपती हेन्री मॅक्रॅकन याने परिषद बोलावली आणि २८ डिसेंबरला ६२ कॉलेजांचे प्रतिनिधी जमले. येल, हार्वर्ड, प्रिन्स्टनच्या मक्तेदारीबाहेर, लहान कॉलेजांनी काढलेली ही चूल. तिच्यातूनच जी संघटना झाली तिचे नाव १९१० पासून एनसीएए. आज ती अब्जावधी डॉलरच्या उलाढालीवर बसली आहे. जन्माला आली तेव्हा तिच्याकडे सल्ला देण्यापलीकडे काही अधिकार नव्हता.

१९०६ चे नवे नियम महत्त्वाचे होते : घोळक्याने रेटण्याच्या रचनांवर बंधने, तीन प्रयत्नांत पाचऐवजी दहा यार्ड, दोन फळ्यांमध्ये मोकळी पट्टी, आणि चेंडू पुढे फेकण्याची मुभा. या शेवटच्या नियमामागे काँक्रीटचाही हात आहे. गर्दी विरळ करायला मैदान रुंद करावे ही सूचना पुढे आली होती, पण हार्वर्डचे नवे स्टेडियम तेवढे रुंद होऊ शकत नव्हते. बांधकाम मोडायचे की खेळ बदलायचा, या पेचात खेळ बदलला. अर्थात मृत्यू थांबले नाहीत. १९०९ मध्ये लष्करी अकादमीचा आणि व्हर्जिनियाचा असे दोन खेळाडू सामन्यातल्या दुखापतींनी दगावले, पुन्हा गहजब झाला, आणि १९१० ते १९१२ दरम्यान आज ओळखू येईल असा खेळ तयार झाला. लक्षात घेण्याजोगे हे की, हाडे मोडण्याचा प्रश्न नियमांनी बराचसा सोडवला; नीडहॅमने मांडलेला पैशाचा प्रश्न जिथल्या तिथे राहिला. मृत्यूंचा गाजावाजा जेवढा मोठा, तेवढी पैशाची चर्चा मागे सरली.

काही कॉलेजांनी मात्र खरेच खेळ सोडला. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया १९०६ मध्ये रग्बीकडे वळले. विस्कॉन्सिनमध्ये इतिहासकार फ्रेडरिक जॅक्सन टर्नर याने फुटबॉलला काही काळ विश्रांती देण्याची मोहीम चालवली, तर विद्यार्थ्यांनी त्याच्या घरावर मोर्चा नेला आणि प्राध्यापकांचे पुतळे जाळले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने १९०५ च्या नोव्हेंबरातच फुटबॉल बंद केला आणि तो दहा वर्षे बंद राहिला. या तारखांमध्ये आपल्या दृष्टीने एक गंमत आहे. बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर १९१३ च्या जुलैमध्ये कोलंबियात दाखल झाले. म्हणजे त्यांची पहिली दोन वर्षे फुटबॉलविना गेली. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले आणि त्याच शरद ऋतूत फुटबॉल परतला. ग्रंथालय उघडण्याआधी दाराशी उभ्या राहणाऱ्या या विद्यार्थ्याला त्याचे सोयरसुतक असण्याचे कारण नव्हते. पण होरोविट्झ यांचा ‘बाहेरचा’ गट समजून घ्यायचा असेल तर सेलिग्मन, ड्यूई, गोल्डनवायझर यांच्या वर्गांत बसणाऱ्या आंबेडकरांचे ते कोलंबिया पाहावे. स्थलांतरितांची, ज्यू कुटुंबांची मुले तिथे मोठ्या संख्येने येत होती, आणि फुटबॉल परत आणा म्हणणारा आवाज त्यांचा नव्हता, माजी विद्यार्थ्यांचा आणि मैदानवाल्या मंडळींचा होता.

हौशीपणाचा नियम कोणाला आडवा येई, हे पाहायचे तर होगनशेजारी जिम थॉर्पला उभे करावे. पेनसिल्व्हेनियातली कार्लाइल ही आदिवासी मुलांना त्यांच्या भाषा-चालीरीती विसरायला लावण्यासाठी १८७९ मध्ये काढलेली सरकारी निवासी शाळा. कॉलेजही नव्हे. पण पॉप वॉर्नर या प्रशिक्षकाच्या हाताखाली तिचा संघ बड्या कॉलेजांना लोळवू लागला. १९११ मध्ये हार्वर्डचा १८–१५ असा पराभव. १९१२ मध्ये लष्करी अकादमीचा २७–६, आणि त्या हरलेल्या संघात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक कॅडेट होता. थॉर्पने त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदके मिळवली होती. १९१३ च्या जानेवारीत बातमी फुटली की १९०९-१० च्या सुट्ट्यांत तो नॉर्थ कॅरोलिनात किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता. असे कितीतरी कॉलेजकुमार खेळत. ते खोटे नाव लावत, थॉर्पने स्वतःचे लावले. पदके गेली. आपल्याला काही ठाऊक नव्हते म्हणून वॉर्नरने कानांवर हात ठेवले, पण त्याच्या या दाव्यावर आज फारसे कोणी इतिहासकार विश्वास ठेवत नाहीत. पुढच्या वर्षी संसदीय चौकशीत निघाले की कार्लाइलचा खेळनिधी वॉर्नरच्या मर्जीने वापरला जात होता आणि खेळाडूंना त्यातून पैसे मिळत होते. शाळा १९१८ मध्ये बंद पडली. वॉर्नर त्याआधीच पिट्सबर्गला मोठ्या नोकरीवर गेला होता. थॉर्पच्या कुटुंबाला पदके १९८३ मध्ये परत मिळाली, आणि एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव ऑलिंपिकच्या नोंदीत यायला २०२२ उजाडले.

होगनला कोणी शिक्षा केली नाही. तो येलचा होता.

कृष्णवर्णीय खेळाडूंची गोष्ट याहून कठोर आहे. पॉल रोबसन १९१५ मध्ये शिष्यवृत्तीवर रटगर्सला आला. पहिल्याच सरावात त्याच्याच कॉलेजच्या मुलांनी त्याचे नाक मोडले. तो टिकला, वॉल्टर कॅम्पने देशभरातून निवडलेल्या सर्वोत्तम संघात आला, अभ्यासातही अव्वल राहिला. तरी १९१६ मध्ये दक्षिणेतल्या एका कॉलेजने त्याच्यासोबत मैदानात उतरायला नकार दिला तेव्हा रटगर्सने त्यालाच बाकावर बसवले. आयोवा स्टेटचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅक ट्राइस ६ ऑक्टोबर १९२३ रोजी मिनेसोटाविरुद्ध खेळताना तुडवला गेला आणि दोन दिवसांनी वारला. आयोवा स्टेट त्यानंतर १९८९ पर्यंत मिनेसोटाशी खेळले नाही. दक्षिणेत कृष्णवर्णीयांची कॉलेजे १८९२ पासून आपसात फुटबॉल खेळत होती. बड्या वर्तमानपत्रांच्या लेखी ती नव्हतीच, त्यामुळे जुन्या आढाव्यांतही ती सापडत नाहीत.

आता मुली. १९२० पर्यंत कॉलेजांतल्या दर शंभर विद्यार्थ्यांत सत्तेचाळीस मुली होत्या, तरी ‘कॉलेज जीवन’ म्हणजे मुलग्यांचे जीवन असेच लिहिले गेले. त्यांचा खेळ सुरू झाला तो एका कंटाळ्यातून. स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत हिवाळ्यात बंद जागेत कवायती आणि ‘इंडियन क्लब’ फिरवून मुले वैतागली होती. हे क्लब म्हणजे आपल्या तालमीतले मुदगल आणि करेल, गोऱ्या अधिकाऱ्यांनी इथून इंग्लंडला नेलेले आणि तिथून अमेरिकेत पोचलेले. जिथे ते भक्तिभावाने नव्हे तर हजेरीपुरते फिरवले जात, तिथे कंटाळा येणारच! त्यावर उतारा म्हणून जेम्स नेस्मिथ याने डिसेंबर १८९१ मध्ये पीचच्या दोन टोपल्या टांगून बास्केटबॉल काढला. काही आठवड्यांत स्मिथ कॉलेजातल्या शिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी तो मुलींसाठी उचलला. त्यांनी मैदानाचे तीन भाग केले, प्रत्येकीने आपल्या भागातच राहायचे, चेंडू हिसकावायचा नाही, असे नियम घातले. १८९३ मधल्या त्यांच्या पहिल्या सामन्याला पुरुषांना प्रवेश नव्हता. कॅलिफोर्नियात १८९६ च्या एप्रिलमध्ये स्टॅनफर्ड आणि बर्कलीच्या मुलींनी पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना खेळला. निकाल २–१, प्रेक्षक फक्त स्त्रिया.

पुरुषांच्या खेळाची गत पाहून स्त्री-शिक्षिकांनी ठरवले की आपल्याकडे तिकिटे नकोत, पुरुष प्रशिक्षक नकोत, एक-दोन तारकांसाठी बाकीच्यांनी प्रेक्षक व्हायला नको. १९२३ मध्ये लू हेन्री हूवर (पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या हूवर यांच्या पत्नी) यांच्या पुढाकाराने या विचाराला संघटित रूप आले. वेगवेगळ्या कॉलेजांच्या मुली एकत्र येत, संघ मिसळून पाडले जात, खेळून झाल्यावर चहा-बिस्किटे. हे अनेकांना हास्यास्पद वाटते. पुढच्या काही इतिहासकारांनी, आणि ते रास्तच आहे, या बायकांवर ठपका ठेवला की त्यांनी दोन पिढ्यांच्या मुलींना स्पर्धेपासून वंचित ठेवले. तरीही त्या काळात सगळ्या विद्यार्थिनींना मैदानावर आणण्याचा विचार कोणी मनापासून केला असेल तर तो यांनीच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि मला त्यातली एक खोडता येत नाही.

स्प्रिंगफील्डचीच एक शाखा पुढे आपल्याकडे आली. तिथे शिकलेल्या हॅरी बक याने १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढले. शिट्टी, ड्रिल, बास्केटबॉल-व्हॉलीबॉलच्या जाळ्या हा आपल्या शाळांतला सरंजाम बराचसा त्या वाटेने आला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने याच सुमाराला देशी व्यायामाची वेगळी वाट धरली होती, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.

महायुद्धानंतर विद्यार्थीसंख्या फुगली : १९२० मध्ये सुमारे ६ लाख, १९३० मध्ये ११ लाख. येल बोल १९१४ चेच, ७० हजारांचे. १९२२ मध्ये ओहायो स्टेट, १९२३ मध्ये कॅलिफोर्निया आणि इलिनॉय, १९२७ मध्ये मिशिगन अशी भव्य स्टेडियमे उभी राहिली, बरीचशी युद्धात पडलेल्यांच्या स्मारकाच्या नावाने देणग्या गोळा करून. कर्ज फेडायचे तर खुर्च्या भरायला हव्यात, खुर्च्या भरायला जिंकायला हवे, जिंकायला खेळाडू हवेत. इलिनॉयच्या रेड ग्रेंजने १८ ऑक्टोबर १९२४ रोजी मिशिगनविरुद्ध पहिल्या बारा मिनिटांत चार टचडाउन केले, आणि पुढच्या वर्षी मोसमाचा शेवटचा सामना संपताच दलालामार्फत व्यावसायिक संघाशी करार केला. त्याच्या कॉलेजचे लोक चिडले. ग्रेंजच्या नावावर त्यांनी स्टेडियम भरले ते चालले, ग्रेंजने स्वतःच्या नावावर पैसे घेतले ते चालेना.

या सगळ्याची मोजदाद कार्नेगी फाउंडेशनने करवली. हॉवर्ड सॅव्हेज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १३० संस्थांना भेटी दिल्या. जवळपास तीन-चतुर्थांश ठिकाणी खेळाडूंना या ना त्या रूपात पैसे दिले जातात असे आढळले : नावापुरत्या नोकऱ्या, माजी विद्यार्थ्यांचे गुप्त निधी, तिकिटांचे गठ्ठे. अहवालाची सूचना साधी होती, खेळ पुन्हा विद्यार्थ्यांच्या हाती द्या. तो वर्तमानपत्रांत झळकला २४ ऑक्टोबर १९२९ रोजी, म्हणजे न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळायला लागला त्याच दिवशी. मात्र अहवाल दुर्लक्षित राहिला याचे खापर मी बाजारावर फोडणार नाही. ज्यांना खेळ परत द्यायचा ते विद्यार्थीच आता तो परत मागत नव्हते. त्यांना तिकिटे हवी होती. शिकागोने तेवढा १९३९ मध्ये, मिशिगनकडून ८५–० असा मार खाल्ल्यावर, फुटबॉल बंद करून टाकला.

बाकीच्यांचे बिऱ्हाड वाढतच गेले. खेळाडूंना शिष्यवृत्तीच्या रूपाने उघड पैसे देण्याला एनसीएएने १९५० च्या दशकात मान्यता दिली, २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाशी निगडित लाभांवरची संघटनेची बंधने एकमताने फेटाळली, आणि २०२५ च्या जूनमध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. त्यातला मोठा वाटा अर्थातच फुटबॉलकडे चालला आहे. मागच्या वर्षांच्या भरपाईची जी रक्कम त्या तडजोडीत ठरली तिच्या वाटपाला काही महिला खेळाडूंनी लगेच अपील करून हरकत घेतली : स्त्री-पुरुष समानतेचा १९७२ चा शिक्षण कायदा या पैशाला लागू आहे की नाही?